मॉरिशस: एकाच रिसॉर्टात न बसता अख्खं बेट बघायचं असेल तर

लाटांवरची:

मंडळी, मॉरिशसचं नाव काढलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो "हनिमूनला का?" आणि दुसरा "पॅकेज कुठलं घेतलंत?" म्हणून हा धागा काढतेय. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो, मी, नवरा, लेक आणि सासू-सासरे. पॅकेज न घेता, स्वतः गाडी चालवत, दोन ठिकाणी मुक्काम करून. आता मी ज्याला त्याला हेच सांगत सुटलेय की बाबांनो, एकाच हॉटेलात सगळे दिवस काढू नका.

बेट तसं लहान. दक्षिणोत्तर साधारण ६५ किमी आणि रुंदी ४५ किमीच्या आसपास. त्यामुळे सगळ्यांना वाटतं की उत्तरेला ग्रां बेला हॉटेल घ्यावं, एक नॉर्थ टूर, एक साउथ टूर, एक दिवस इल ओ सेर्फ या छोट्या बेटाची बोट, झालं मॉरिशस. पण साउथ टूरमध्ये सकाळी बसमध्ये घालतात आणि एका दिवसात विवर, गंगा तलाव, धबधबा, सप्तरंगी माती असं सगळं कोंबतात, मध्ये जहाजांच्या मॉडेल्सच्या दुकानात अर्धा-पाऊण तास जातो तो वेगळाच. खरं तर बेटाचा सगळ्यात देखणा भाग हाच, नैऋत्य आणि दक्षिण, आणि त्यालाच सगळ्यात कमी वेळ मिळतो.

आम्ही पहिला मुक्काम पश्चिमेला फ्लिक आं फ्लाकला केला, किचन असलेला अपार्टमेंट घेतला. तिथून शामारेल, ब्लॅक रिव्हर गॉर्जेस, गंगा तलाव, ले मॉर्न सगळं तासाभराच्या आत. एकच लक्षात ठेवा, किनाऱ्यावर लख्ख ऊन असलं तरी मधल्या पठारावर ढग आणि भुरभुर पाऊस असू शकतो. क्युरपीप, गंगा तलाव हा भाग साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि तिथे चक्क स्वेटर लागतो. म्हणून रोज सकाळी आधी आकाश बघायचं आणि मग ठरवायचं, आज डोंगर की आज समुद्र. मुक्काम जवळ असला की हे जमतं, टूरच्या बसला ते जमत नाही.

शामारेलला गेट उघडतानाच पोचा. आधी धबधबा लागतो, साधारण १०० मीटरची एकच सरळ धार, आणि आजूबाजूला इतकं दाट हिरवं की खाली तळ दिसत नाही. पुढे ती सात रंगांची माती. फोटोत बघून मला वाटलं होतं की फिल्टर लावून रंगवलेली असणार, पण नाही, खरंच तांबडी, विटकरी, जांभळट, पिवळी अशा लाटा लाटा आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात रंग वेगळे दिसतात, डोक्यावर ऊन आलं की सगळं एकसारखं वाटायला लागतं. तिथेच मोठी अल्दाब्रा कासवं आहेत, लेक तिथून हलेना.

गंगा तलावाबद्दल बरंच लिहिलं जातं पण बहुतेक लोक रस्त्यालगतच्या १०८ फुटी मंगल महादेवासमोर फोटो काढतात आणि परत फिरतात. तसं करू नका, खाली तळ्याच्या काठाने चालत जा. ज्वालामुखीच्या विवरातलं तळं आहे ते, कडेने छोटी छोटी देवळं, पाण्यात मोठाले मासे, झाडांवर माकडं. १९७२ मध्ये इथे गंगेचं पाणी आणून मिसळलं, तेव्हापासून हे नाव रूढ झालं. सासूबाईंनी तिथल्या पुजाऱ्यांशी हिंदीत गप्पा मारल्या, त्यांची हिंदी भोजपुरी वळणाची, पण दोघांचं छान जमलं. महाशिवरात्रीला लाखो लोक घराघरातून कावड घेऊन चालत इथे येतात. त्या आठवड्यात जाणार असाल तर गाडीने फिरायचा विचार सोडा, पण बघायला मिळालं तर भाग्य समजा.

आणि आता मला मुख्य जे सांगायचंय ते. मॉरिशसमध्ये दोन जागा जागतिक वारसा यादीत आहेत, राजधानी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट (२००६) आणि ले मॉर्नचा डोंगर (२००८). या दोन्ही जागा बघा आणि एकाच ट्रिपमध्ये बघा, कारण ती एकच गोष्ट आहे. ले मॉर्न म्हणजे समुद्रात घुसलेला ५५६ मीटरचा काळा कातळ. मालकांच्या तावडीतून पळालेले गुलाम त्याच्या माथ्यावर आणि कपारीत लपून राहायचे. गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला माणसं वर निघाली तेव्हा आपल्याला पकडायलाच आलेत असं समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी आठवण तिथे पिढ्यान् पिढ्या सांगतात. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली, त्या दिवशी आजही तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मग उसाच्या मळ्यांत राबायला माणसं कुठून आणायची? तर हिंदुस्थानातून, करारावर. १८३४ ते १९२० या काळात साडेचार लाखांहून जास्त माणसं त्या घाटावर उतरली. त्यांच्या पायाखालच्या १६ दगडी पायऱ्या आजही तिथे आहेत. प्रवेश फुकट, शेजारी नीट मांडलेलं संग्रहालय आहे, रविवारी मात्र बंद असतं. कॉडानच्या मॉलपासून हा घाट काही मिनिटांच्या अंतरावर आहे, आणि तरी टूरवाले मॉलमध्ये दोन तास देतात आणि घाटाचं नावही काढत नाहीत. याचा मला फार राग येतो. आपल्याच माणसांची जागा आहे हो ती.

ते पाहून झाल्यावर उसाच्या शेतांकडे बघायची नजरच बदलते. शेतांच्या मधे काळ्या दगडांचे मोठमोठे रचलेले ढीग दिसतात, काही तर दुमजली घराएवढे. ते सगळे दगड माणसांनी हाताने वेचून काढलेत, जमीन लागवडीला आणण्यासाठी. सासरे शेतकरी कुटुंबातले, ते गाडी थांबवायला लावून किती तरी वेळ त्या ढिगाजवळ उभे होते.

दुसरा मुक्काम आग्नेयेला माएबर्गजवळ. पश्चिमेहून तिकडे जाताना मधल्या मोठ्या रस्त्याने न जाता दक्षिणेच्या किनाऱ्याने गेलो, बे दु काप, बेल ओंब्र, सूयाक असं. हा रस्ता म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ऊस, मधे छोटी गावं. सूयाकजवळ ग्री ग्रीला थांबाच. बेटाभोवती बहुतेक सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, म्हणून किनाऱ्याचं पाणी तळ्यासारखं शांत असतं. ग्री ग्रीपाशी ती भिंत तुटलीय आणि सगळा हिंदी महासागर थेट कड्यावर येऊन आपटतो. तिथे पोहायला उतरू नका, वरून बघा.

माएबर्गचा सोमवारचा बाजार, ब्लू बेला काचेच्या तळाची बोट आणि स्नॉर्कलिंग, आणि इल ओ एग्रेत. या शेवटच्या बेटावर फार थोडे भारतीय जातात. माझी तर ती सगळ्यात आवडती जागा, पण त्याबद्दल वेगळं लिहीन, आता हात दुखले. प्रश्न विचारा, जमेल तसं सांगते.

हौशी_जोडी:

मस्त लिहिलंय ताई. आम्ही पुढच्या वर्षी ठरवतोय. दोन प्रश्न. पूर्ण शाकाहारी आहोत, कांदा-लसूण चालतं, तर खाण्याचे हाल होतील का? आणि गाडी स्वतः चालवणं सोपं आहे का? नवऱ्याने परदेशात कधी चालवलेली नाही.

लाटांवरची:

खाण्याचं अजिबात टेन्शन घेऊ नका. तिकडे रस्त्यावर ढोल पुरी मिळते, सारणात वाटलेली डाळ भरलेली मऊ पातळ पोळी, त्यात वालासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोची रुगाय आणि मिरचीचा ठेचा घालून गुंडाळी करून कागदात देतात, दोन-दोनची जोडी. सकाळी जा, दुपारनंतर संपते. गातो पिमां म्हणून डाळीचे छोटे वडे मिळतात, ते पावात घालून खातात. पोर्ट लुईच्या मार्केटात आलुदा प्या, सब्जा घातलेलं थंड दूध. अननस चिंच-मिरची लावून विकतात समुद्रावर, तो तर रोज खाल्ला. फक्त नूडल्स आणि बुलेत, म्हणजे उकडलेले गोळे, घेताना विचारून घ्या, त्यात मांस-मासे असतात. बाकी चीज, भाज्या, डाळी सगळं सुपरमार्केटात मिळतं, आम्ही संध्याकाळी खिचडी टाकायचो.

गाडीचं म्हणाल तर तिकडेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. राउंडअबाउट भरपूर आहेत, तेवढी सवय करावी लागते. दक्षिणेला रस्ते अरुंद, फुटपाथ नाही, संध्याकाळनंतर अंधार, तेव्हा उजेडात परत या. लायसन्ससोबत इंटरनॅशनल परमिटही घेऊन जा.

तिखट_मीठ:

थोडं वेगळं मत मांडतो. आम्ही फक्त रिसॉर्टमध्ये राहिलो होतो पश्चिम किनाऱ्यावर, पुस्तकं वाचली, पोहलो, झोपलो, आणि ते इतकं छान होतं की अजून आठवण काढतो. प्रत्येकाने प्रत्येक जागा बघितलीच पाहिजे असं नाही ना. आठवडाभर गाडी चालवत फिरायचं म्हणजे माझ्यासारख्या वर्षभर मुंबई-पुणे करणाऱ्याला शिक्षाच. आरामाला आलेल्यांनाही कमी लेखू नका एवढंच.

लाटांवरची:

तिखट_मीठ, कमी लेखत नाहीये, खरंच. आरामच करायचा असेल तर तसं ठरवून करावा. माझा आक्षेप आहे तो "बेट बघितलं" म्हणून जो पळापळीचा पॅकेजवाला दिवस विकतात त्याला. तुमच्यासारख्यांनी निदान एक सकाळ आप्रवासी घाटाला द्यावी आणि एक सकाळ ले मॉर्नच्या पायथ्याला, बाकी खुशाल झोपावं.

बेसाल्ट:

शामारेलच्या मातीबद्दल थोडी भर. मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट, वय साधारण ८०-९० लाख वर्षं. तिथला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीचाच दगड. आणि नातं नुसतं दगडापुरतं नाही. रियुनियन बेटाखाली जो हॉटस्पॉट आहे, म्हणजे खोलवरून तप्त खडक वर येण्याची जागा, त्याच्यावरून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचं भूपट्ट सरकत होतं तेव्हा दख्खनच्या लाव्ह्याचे थर साचले. पट्ट उत्तरेकडे सरकत गेलं, मग त्याच हॉटस्पॉटच्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव, छागोसची रांग, पुढे मॉरिशस, आणि आज जिवंत ज्वालामुखी आहे तो रियुनियनवर, मॉरिशसच्या शेजारी. भूगर्भशास्त्रात आज बहुतेक जण असंच मानतात. म्हणजे राजगडाचा कातळ आणि ले मॉर्नचा कातळ एकाच भट्टीतून निघालेले.

रंगांचं कारण असं की दमट उष्ण हवेत बेसाल्ट कुजून त्याची चिकणमाती होते, पाण्याने विरघळणारं सगळं वाहून जातं आणि लोह व अॅल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात. लोहामुळे तांबडे-तपकिरी रंग, अॅल्युमिनियममुळे निळसर-जांभळे. म्हणूनच तिथे झाडझाडोरा धरत नाही. कुंपणाच्या आत पाय ठेवू नका.

डोंगरयात्री:

बेसाल्ट +१, हे वाचून अंगावर काटा आला. मी ले मॉर्न चढून आलोय त्याबद्दल सांगतो. सकाळी उजाडतानाच सुरुवात करा. पहिला टप्पा रुंद जीपचा रस्ता, आई-बाबांनाही जमेल, तिथूनच एका बाजूला प्रवाळाची भिंत आणि फिकट निळं लगून दिसतं. त्यानंतरचा टप्पा मात्र हातापायाने चढायचा कातळ आहे, दोर आहेत काही ठिकाणी, पण पाऊस पडून गेला असेल तर तिथूनच परत फिरा. ज्यांना आपल्याकडच्या कातळटप्प्यांची सवय आहे त्यांना अवघड नाही, नवख्यांनी गाइड घ्या. वर सावली नाही, पाणी नाही. चढण्याआधी पायथ्याचं गुलामांच्या मार्गाचं स्मारक बघा, मग वर जाताना आपण कुठल्या जागेवर पाय ठेवतोय ते कळतं.

आणि ते "पाण्याखालचा धबधबा" म्हणून जे फोटो फिरतात ते ले मॉर्नच्याच बाजूचे, वाळू आणि गाळ उतारावरून सरकताना तसा भास होतो. डोंगरावरून तो तसा दिसत नाही, हेलिकॉप्टर किंवा सीप्लेनमधूनच दिसतो, तेव्हा त्या आशेने चढू नका.

रत्नांग्रीचा:

लाटांवरची ताई, एक विचारायचं होतं. माझे पणजोबांचे चुलते "मिरिच देशाला", म्हणजे मॉरिशसला, गेले असं घरात बोललं जायचं, परत आले नाहीत, पत्रही नाही. आम्ही लहानपणी ते ऐकून सोडून द्यायचो. आता तुमचं घाटाबद्दल वाचल्यावर डोक्यातून जात नाहीये. तिथे मराठी माणसं अजून आहेत का, आणि नावं शोधायची काही सोय आहे का?

मोकावासी:

मी सध्या नोकरीनिमित्त मॉरिशसला आहे म्हणून उत्तर देते. रत्नांग्रीचा दादा, मराठी लोक आहेत, चांगले हजारोंनी आहेत. कलकत्ता आणि मद्रासपेक्षा बरीच कमी, पण मुंबईहूनही जहाजं येत होती आणि त्यातून रत्नागिरीच्या बाजूची पुष्कळ माणसं आली. आता घरात बोलतात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून आलेली इथली बोली, पण शाळेत मराठी विषय घेता येतो, मुलं देवनागरीत परीक्षा देतात. गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. पश्चिमेला कास्कावेल गावात विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे, ते फ्लिक आं फ्लाकपासून अगदी जवळ. आणि आपल्या कोकणातली जाखडी त्यांनी इथे जपलीय, ढोलकी-झांजांवर गोल धरून नाचतात, मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा रडू आवरलं नाही. मोकाला महाराष्ट्र भवन आहे, तिथे २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळाही बसवला.

नावांचं म्हणाल तर मोकालाच महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथे करारावर आलेल्या मजुरांच्या नोंदी जपून ठेवल्यात. माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव, जहाज, आणि पुढच्या काळातल्या कित्येकांचे फोटोसुद्धा. अडचण अशी की नावं इंग्रज-फ्रेंच कारकुनांनी कानाला ऐकू येईल तशी लिहिलीत, त्यामुळे आडनावावर भिस्त ठेवू नका. गाव, अंदाजे साल, बापाचं नाव जितकं मिळेल तितकं घरातून गोळा करा आणि येण्याआधी त्यांना लिहून विचारा. इथल्या मराठी घरांतून शेवटी "जी" असलेली आडनावं खूप आहेत, माणसाचं नावच पुढे आडनाव झालं.

रत्नांग्रीचा:

मोकावासी ताई, कसे आभार मानू. आत्याला फोन लावतो आजच, तिला गावातलं जुनं सगळं ठाऊक आहे.

शंखशिंपले:

सीझनबद्दल कोणी सांगेल का? आमची सुट्टी फक्त मे किंवा डिसेंबर-जानेवारी.

मोकावासी:

मे छान. इथे तेव्हा उन्हाळा सरून थंडीकडे चाललेला असतो, हवा कोरडी, पाणी अजून कोमट. जून ते सप्टेंबर थंडी, आग्नेयेचे वारे जोरात असतात, तेव्हा पूर्व किनारा खवळलेला आणि पश्चिम शांत, म्हणून त्या महिन्यांत मुक्काम पश्चिमेला किंवा वायव्येला घ्या. जानेवारी ते मार्च उकाडा, पाऊस आणि चक्रीवादळाची शक्यता. वादळाचा इशारा वाढला की सगळं बंद होतं, विमानंसुद्धा, त्यामुळे जानेवारीत आलात तर परतीच्या तारखेला घाई ठेवू नका. भारतीयांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवायचं, आणि प्रवासाआधी ऑनलाइन फॉर्म भरायचा. इथला एक रुपया म्हणजे आपले पावणेदोन-दोन रुपये धरा.

हौशी_जोडी:

लाटांवरची ताई, इल ओ एग्रेतबद्दल लिहिणार होतात. आणि डॉल्फिन केलेत का?

लाटांवरची:

डॉल्फिन नाही केलं आणि करूही नका असंच सांगेन. तामारांच्या खाडीत ते सकाळी विश्रांतीला येतात आणि त्यांच्याभोवती बोटींचा गराडा पडतो, लोक धडाधड पाण्यात उड्या मारतात. किनाऱ्यावरून ते बघून मला नको वाटलं. तेच पैसे इल ओ एग्रेतला द्या.

हे बेट अवघं २६ हेक्टरचं, ब्लू बेच्या जवळ, मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन सांभाळतं. त्यांच्याच बोटीने आणि त्यांच्याच माणसासोबत फिरायचं, एकटं सोडत नाहीत. मॉरिशसचं मूळ किनारी जंगल कसं होतं ते आता जवळजवळ फक्त इथेच बघायला मिळतं, कारण बाकी सगळं आधी आबनूसच्या लाकडासाठी आणि मग उसासाठी तोडलं गेलं. डोडो तर सतराव्या शतकातच संपला. पण गुलाबी कबूतर वाचलंय, नव्वदीच्या सुरुवातीला रानात जेमतेम दहाएक उरली होती ती आता शेकड्यांनी आहेत, आणि आमच्या डोक्यावरच्या फांदीवर एक येऊन बसलं. मॉरिशसच्या खरूचीची, म्हणजे केस्ट्रल या छोट्या शिकारी पक्ष्याची, तर त्याहून वाईट अवस्था होती, १९७४ मध्ये रानात फक्त चार माहीत होते. पिंजऱ्यात पिल्लं वाढवून, घरटी सांभाळून माणसांनी त्यांना परत आणलं. बेटावरची मूळ कासवंही नामशेष झाली होती, आणि त्यांच्या पोटातून ज्या झाडांच्या बिया पसरायच्या ती झाडंही अडली होती, म्हणून ते काम करायला अल्दाब्राची कासवं आणून सोडलीत. लेकीने तिथल्या ताईंना इतके प्रश्न विचारले की आमची बोट उशिरा सुटली.

२०२० मध्ये याच किनाऱ्यासमोर वाकाशिओ जहाज प्रवाळावर चढलं आणि तेल सांडलं, ते सगळं या बेटाच्या अगदी तोंडाशी. गावकऱ्यांनी उसाचं पाचट कापडात भरून तेल अडवायला तरंगते बांध केले. आपण गेलो की तिकिटाचे पैसे याच कामाला जातात, म्हणून सांगते, जा.

तीनचाकी:

ताई, आम्ही गाडी न घेता जायचा विचार करतोय. बस-मेट्रोवर जमेल?

लाटांवरची:

पोर्ट लुई ते क्युरपीप मेट्रो आहे, चांगली आहे. पांप्लमूसची बाग, म्हणजे मोठ्या पानांच्या कमळांची, ती आणि जवळचं साखरेचं म्युझियम पोर्ट लुईहून बसने होतं. पण शामारेल, ग्री ग्री, दक्षिणेचा किनारा बसने करायचा तर दिवस मोडतो, आणि संध्याकाळी बसेस लवकर बंद होतात. तेवढ्या दिवसांसाठी टॅक्सी पूर्ण दिवसाची ठरवा. पैसे आधी बोलून घ्या आणि "दुकानांत थांबायचं नाही" हेही आधीच स्पष्ट सांगा, आम्हाला विमानतळावरून आणणाऱ्याने न विचारता एका दुकानाशी गाडी उभी केली होती.

तीनचाकी:

ओके, मग मुक्काम क्युरपीपला करावा का, मध्यभागी आहे म्हणून?

मोकावासी:

नको. पाऊस आणि गारठा, समुद्रही नाही. फ्लिक आं फ्लाकच घ्या, आणि शेवटच्या रात्री माएबर्ग. विमानतळ तिथून पंधरा-वीस मिनिटांवर आहे, परतीचं विमान दुपारनंतरचं असेल तर सकाळी ब्लू बेला पोहून होतं. सोमवार पडत असेल तर बाजारही करा, व्हॅनिलाचा चहा तिथेच घ्या, विमानतळावर महाग पडतो.